बर्फाचं पातं, गोराईची माती

रविवार, रात्री साडेदहा

हाताला अजून डिझेलचा वास आहे. दोनदा साबण लावला तरी गेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही. आज माझ्या जुन्या बाग-ट्रॅक्टरला पुढचं माती ढकलायचं पातं जोडलं. चार वर्षांनी ट्रॅक्टर पुरा झाला.

मनोरीच्या एका जुन्या बंगल्याच्या मागे, आंब्याखाली, तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा टायर मातीत रुतलेले होते आणि सीटमधून गवत वर आलं होतं. गुडघ्याच्या जरा वर बॉनेट, एक माणूस कसाबसा मावेल एवढी बैठक. बॉनेटवरचं चिन्ह बोटाने पुसलं आणि फोटो काढून बाबांना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन. "अरे, हा तर आमचा!"

बाबा कांदिवलीच्या ट्रॅक्टर कारखान्यात १९६८ला फिटर म्हणून लागले. महिंद्र आणि अमेरिकेतली इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, तिचा हा कारखाना. तिथे बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर बनायचा, मूळचा इंग्लंडमधला. बाबांची सगळी नोकरी गिअरबॉक्सवर गेली. माझ्या लहानपणी ते इंटरनॅशनल हार्वेस्टरचं चिन्ह पाटीवर काढून दाखवायचे. मधला लाल 'आय' म्हणजे ट्रॅक्टरवर बसलेला माणूस, त्याच्याभोवतीचा काळा 'एच' म्हणजे दोन्हीकडची चाकं. तेच चिन्ह त्या आंब्याखाली गंजत होतं.

हा त्याच घरातला, पण धाकटा. कब कॅडेट म्हणतात याला. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१च्या सुमारास अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिलच्या कारखान्यात बनवायला घेतला. शेतासाठी नव्हे, बंगल्याभोवतीच्या बागेसाठी. सात हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं कोहलर इंजिन. गिअरबॉक्स मात्र त्यांच्या फार्मऑल कब या खऱ्या शेती ट्रॅक्टरच्या घराण्यातला, त्यामुळे आकार लहान असला तरी हाडं शेतकऱ्याची आहेत. १९८१मध्ये कंपनीने हा धंदा विकून टाकला.

बंगल्याच्या मालकांनी तो मला भंगाराच्या भावाने दिला. निघताना म्हणाले, "याच्याबरोबरचं आणखी बरंच लोखंड होतं, ते आम्ही कधीच काढून टाकलं." ते वाक्य मला चार वर्षं टोचत राहिलं.

कारण या यंत्राची खरी गंमत अवजारांत आहे. पोटाखाली गवत कापायचं डेक, मागे एक फाळाचा नांगर, मातीची पाळी घालायचा तव्यांचा कुळव, ओढायची ट्रॉली, आणि पुढे बर्फ ढकलायचं पातं. मुंबईत बर्फाचं पातं! पण ज्या कुणी तो इथे आणला त्याने पूर्ण संच आणला होता, आणि त्या पात्याने बंगल्याच्या टेनिस कोर्टाची लाल माती सपाट व्हायची, असं तिथल्या जुन्या माळ्याने मला सांगितलं. बाबांच्या लेखी अवजार न लागलेला ट्रॅक्टर म्हणजे जू नसलेला बैल. उभा छान दिसतो, एवढंच. जमवणारे बहुतेक जण बॉनेट चकचकीत रंगवतात आणि थांबतात. मला ते पटत नाही. अवजार हरवलं की यंत्राचं निम्मं आयुष्य हरवतं, आणि ते शोधायचं काम रंगकामापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

ट्रॅक्टर गोराईला मावसभावाच्या नर्सरीत ठेवलाय. दादाने रोपांच्या शेडचा एक कोपरा मोकळा करून दिला. आमच्या कांदिवलीच्या इमारतीत स्कूटर लावायला जागा मिळत नाही, तिथे हा कुठे ठेवणार! चार वर्षं माझे रविवार बोरिवलीहून गोराईच्या बोटीत गेले. पिशवीत कधी कार्ब्युरेटर, कधी सिलिंडर हेड, कधी नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला व्ही-बेल्ट. नागदेवीला बेअरिंग मिळवणं सोपं असतं. जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचून दाखवला की दुकानदार जगातल्या कुठल्याही यंत्राचं बेअरिंग काढून देतो. अडतं ते बोल्टपाशी.

हे सविस्तर लिहून ठेवतो, कारण यात मी मोठी चूक केली. अमेरिकन बोल्ट आणि आपल्याकडे जुन्या दुकानांत मिळणारे इंग्रजी व्हिटवर्थ मापाचे बोल्ट दिसायला सारखे असतात. तीन अष्टमांश इंचाचा असेल तर इंचाला आटेही दोन्हीकडे सोळाच. फक्त आट्याचा कोन वेगळा, अमेरिकन साठ अंशांचा, व्हिटवर्थ पंचावन्न अंशांचा. बोल्ट जरा अडखळत जातो, पण जातो. अर्धा इंचीचं मात्र तसं नाही. अमेरिकनला इंचाला तेरा आटे, व्हिटवर्थला बारा. मी व्हिटवर्थचा अर्धा इंची बोल्ट पुढच्या कास्टिंगमध्ये पान्याने रेटला. दोन फेरे गेला, तिसऱ्याला कच्चकन आवाज झाला, आणि बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत ओतीव लोखंडाचा करडा चुरा अडकलेला होता. साठ वर्षं टिकलेले आटे मी एका मिनिटात खाल्ले. त्या रात्री झोप लागली नाही. पुढे एका लेथवाल्याने भोक मोठं करून त्यात बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, बसवून नवे आटे पाडले. तेव्हापासून आटेमोजणीची पट्टी खिशात असल्याशिवाय मी बोटीत चढत नाही.

पातं सापडलं ते गेल्या पावसाळ्यात. मनोरीच्या कोळीवाड्यात एका घरापुढच्या गटारावर आडवं टाकलेलं. वरून माणसं ये-जा करत होती. मला आधी त्याचा बाक दिसला आणि मग मागच्या बाजूला स्प्रिंग अडकवायचे दोन कान. पात्याला दगड लागला की ते मागे पडतं आणि स्प्रिंग त्याला पुन्हा उभं करते, त्यासाठीचे ते कान. घरातल्या मावशी बाहेर आल्या. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नेशील तं ने. पन त्या जागी कायतरी ठेव, नाय तं पानी माज्या घरात येल." दुसऱ्या दिवशी मी आणि दादा टेम्पोत कडाप्पाच्या दोन लाद्या घेऊन गेलो, गटाराचा काठही सिमेंटने नीट केला. मावशींनी जाताना सुके बोंबील बांधून दिले.

खाऱ्या हवेने पात्याचं सालपट सुटत होतं. घासून काढलं असतं तर लोखंडच गेलं असतं, म्हणून विजेने गंज काढायचं ठरवलं. एवढं रुंद पातं कुठल्याच पिंपात मावेना. दादाने खड्डा खणून ताडपत्री अंथरली, त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार पात्याला, धन तार भोवती उभ्या केलेल्या साध्या सळयांना. उलटं जोडलं तर पातंच झिजायला लागेल. सळया स्टेनलेसच्या घ्यायच्या नाहीत, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे उघड्यावरच करायचं, कारण बुडबुड्यांमधून हायड्रोजन निघतो. तीन दिवसांनी पातं बाहेर काढून पाणी मारलं तेव्हा काळ्या गाळाखालून मूळ पिवळ्या रंगाचा तळहाताएवढा तुकडा निघाला. तेवढा भाग मी तसाच ठेवलाय. मागून रेड ऑक्साइड, पुढून जवसाचं तेल. नवा रंग देणार नाही.

काल संध्याकाळी इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुन्हा तपासलं. या इंजिनाचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारे विजेचे संपर्क, बाहेरच्या बाजूला, एका छोट्या झाकणाखाली असतात. बाबांनी त्यांचं फीलर गेज, फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, दिलं होतं, तेलकट चामड्याच्या पाकिटातलं. वीस थाऊची, म्हणजे इंचाच्या वीस हजारांश जाडीची, पात पॉइंटमध्ये सरकवली, ती लोण्यातून सुरी जावी इतकीच अडली. मग शेडमधला दिवा मालवला, पॉइंटच्या तारेला बारा व्होल्टचा बल्ब लावला आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवलं. बघायच्या भोकात 'एस'ची खूण येते, आणि पॉइंट उघडताक्षणी बल्ब पेटायला हवा. पहिल्यांदा खूण येण्याआधीच पेटला. पॉइंट केसभर हलवून पुन्हा. चौथ्या वेळी काळोखात खूण भोकाच्या बरोबर मधोमध आली आणि त्याच क्षणी दादाचा आणि माझा चेहरा उजळला.

तेलाची पातळी आज सकाळी दोनदा बघितली. या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी तेलात बुडते आणि वर उडवते, तेवढ्यावर सगळं चालतं. तेल कमी पडलं की रॉड गेला. आणि पेट्रोल: हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं. काम झालं की टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामं करायचं. गोराईच्या पावसाळ्यात याला पर्याय नाही.

बाबा तीन वर्षांनी बोटीत बसले. गुडघ्यांमुळे दोघांनी धरून उतरवावं लागलं. शेडमध्ये आले, ट्रॅक्टरकडे न बघता आधी खाली वाकून गिअरबॉक्सच्या कव्हरवर हात ठेवला आणि दादाला म्हणाले, "चालू कर." डायनॅमोसारखं दिसणारं जे यंत्र बॅटरी चार्ज करतं, तेच यात बेल्टने इंजिन फिरवून चालूही करतं. दोनदा घरघरलं आणि पकडलं. बाबा कान लावून उभे होते. मग मान हलवली.

पिन घातली, लिव्हर खेचली, पातं उचललं गेलं. कुंड्या ठेवायच्या नव्या जागेवर लाल मातीचा ढीग होता, तिथे नेलं. पहिल्या गिअरमध्ये पातं नुसतं ढिगाच्या टोकावरून घसरलं. बाबा खुर्चीतून ओरडले, "दोन बोटं खाली घे! आणि डावीकडे तिरकं कर, म्हणजे माती बाजूला पडेल."

दोन बोटं खाली घेतलं. या खेपेला मातीची पहिली लाट पात्याच्या बाकावर चढली, वळली आणि डावीकडे सांडली. संध्याकाळच्या शेवटच्या बोटीपर्यंत आम्ही अर्धा ढीग सपाट केला. उरलेला पुढच्या रविवारी. बाबा म्हणालेत, मीही येणार.