काकूंची सही

मी सिडनीत ‘जस्टिस ऑफ द पीस’ आहे; इथे सगळे नुसतं जेपी म्हणतात. न्यू साउथ वेल्समध्ये ही नेमणूक 5 वर्षांची. पगार नाही आणि कुणाकडून एक सेंटही घ्यायचा नाही. शनिवारी लायब्ररीतल्या टेबलाशी बसून मी झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून साक्षांकित करतो आणि प्रतिज्ञापत्रांवर साक्षीदार म्हणून सही करतो. मूळ कागद घरी ठेवून मोबाइलमधला फोटो दाखवणारे हमखास भेटतात.

त्या काकांची तयारी मात्र बघत राहावी अशी होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मूळ पासपोर्ट, प्रती, सगळं फायलीत ओळीनं. प्रतींचं काम लगेच झालं. मग त्यांनी काकूंचं स्टॅट डेक (स्टॅच्युटरी डिक्लरेशन, म्हणजे लिहिलेलं खरं आहे अशी कायदेशीर लेखी घोषणा) पुढे केलं. मुलगा घर घेत होता, डिपॉझिटसाठी काकूंच्या खात्यातले पैसे जाणार होते, आणि ही भेट आहे, परत मागणार नाही, असं बँकेला लेखी हवं होतं. खाली सही झालेली. काकू घरी.

“तिचे गुडघे धरलेत हो. तुम्ही आपलेच, मारा शिक्का.”

ओथ्स अ‍ॅक्ट 1900, म्हणजे शपथा आणि अशा घोषणांबद्दलचा इथला कायदा, त्याप्रमाणे सही करणाऱ्याचा चेहरा मला दिसायला हवा, किमान वर्षभराची ओळख नसेल तर ओळखपत्र बघायला हवं आणि सही माझ्यासमोरच व्हायला हवी. काका फुरंगटले. म्हटलं, कोरा फॉर्म छापून ठेवा, मी संध्याकाळी घरी येतो. जायलाच हवं असं नव्हतं, पण गुडघ्यांचं दुखणं आमच्याही घरात आहे.

काकू बँकेच्या काउंटरवरून निवृत्त झालेल्या. ओळीखाली बोट धरून वाचता वाचता थांबल्या.

“परत मागणार नाही? मी तर उसने दिलेत.”

“अगं, ते बँकेपुरतं लिहायचं असतं.”

“बँकेपुरतं खोटं? असला कागद मी काउंटरवरून परत पाठवला असता.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही सांगा, काय करू?”

इथे जेपीला गप्प बसावं लागतं. कायदेशीर सल्ला द्यायचा नाही, मजकूरही सुचवायचा नाही. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि शंका असेल तर वकिलाला विचारा, एवढंच बोललो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू भांडण मीच लावलं. सही झाली नाही.

काही आठवड्यांनी काकू मुलाबरोबर लायब्ररीत आल्या. नवा कागद, त्यावर आधीपेक्षा कमी रक्कम. उरलेल्या पैशांचं काय ठरलं ते मी विचारलं नाही, तो माझा प्रश्न नव्हे. मुलाला जरा लांब बसवलं, लायसन्स पाहिलं, मजकूर खरा आहे ना ते विचारलं. काकूंनी सही केली. मोकळ्या जागेवर रेघ मारून मी माझा नोंदणी क्रमांक लिहिला.

“आकडे सुवाच्य काढा,” काकू म्हणाल्या, “नाहीतर बँकेला निमित्त मिळेल.”