तक्रारीतलं पहिलं वाक्य

तक्रारीचं पहिलं वाक्य काय लिहायचं यातच माझे अकरा दिवस गेले. बाकी सगळं लिहून झालं होतं, तारीख, वेळ, बेड नंबर, कुठलं इंजेक्शन, पण सुरुवातीपाशी आलं की पेन थांबायचं, कारण तिथं काय लिहायला पाहिजे ते मला पक्कं माहीत होतं आणि नेमकं तेच लिहायचं नव्हतं.

मी स्टाफ नर्स, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. नऊ वर्षं झाली, त्यातली सहा एका खासगी मानसोपचार हॉस्पिटलमध्ये. गावाचं नाव सांगत नाही, पेशंटची ओळख पटेल असं काही पण लिहिणार नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली त्या आमच्या फिमेल वॉर्डच्या इन्चार्ज मॅडम. त्यांची सर्व्हिस बावीस वर्षं. मी नवीन लागले तेव्हा पेशंटशी बोलायचं कसं, अंगावर धावून आली तर उभं कुठं राहायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं. आणि एरवाडीचं पण त्यांनीच सांगितलं होतं. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली, पेशंट साखळ्यांनी बांधलेले होते, 28 जण गेले. पहिल्याच आठवड्यात मला बेडपाशी नेऊन त्या म्हणाल्या होत्या, "बांधायची वेळ आलीच तर गाठ अशी मारायची की एका ओढीत सुटली पाहिजे. आणि बांधून कुठं जायचं नाही, तिथंच बसायचं." म्हणून तर मला ती रात्र अजून पचत नाही.

त्या रात्री चौदा पेशंट होत्या. नाईटची एक सिस्टर रजेवर म्हणून मॅडम दिवसाची ड्युटी करून तशाच नाईटला थांबलेल्या. म्हणजे मॅडम, मी आणि एक मावशी. एक बाई दोन दिवसांपूर्वी मॅनियात, म्हणजे मन अति उत्तेजित होतं त्या आजारात, ॲडमिट झालेली, झोप नाही, सारखं बोलणं, आणि त्या रात्री ती ओव्या म्हणत होती. जात्यावरच्या ओव्या, मोठ्याने, एकामागून एक, मध्येच हसायची, परत सुरू. कोणाला मारलं नाही, काही फोडलं नाही, स्वतःला काही करून घेतलं नाही. बाकीच्या पेशंट वैतागल्या होत्या हे खरं, एकजण तर रडायला लागली. साडेअकराला मॅडम म्हणाल्या, बस झालं. मी म्हटलं डॉक्टर सरांना फोन करू का, तर म्हणाल्या कशाला उठवायचं, आणि सेरेनेस-फेनरगन, म्हणजे शांत करून झोपवायचं इंजेक्शन, भरलं. फाईलवर एसओएसची, म्हणजे गरज पडली तर द्या अशी, डॉक्टरांची ऑर्डर नव्हती, फोनवर पण घेतली नाही. मग चार इंची रोलर बँडेजने दोन्ही मनगटं बेडच्या रेलिंगला बांधली. मऊ पट्टे कपाटात होते, पण किल्ली ऑफिसात होती.

पाय मी धरले होते.

ती साधारण एक वाजता म्हणाली, सिस्टर लघवीला सोडा ना. मॅडम म्हणाल्या बेडपॅन दे. तेवढ्यात पलीकडच्या वॉर्डात एकीला फिट आली, मी तिकडं पळाले आणि बेडपॅन राहिला तो राहिलाच. पहाटे सव्वापाचला बँडेज सोडायला गेले तेव्हा चादर ओली होऊन गार पडलेली होती आणि उजव्या हाताची बोटं सुजलेली. म्हणजे जवळजवळ पावणेसहा तास. बोटं गार पडलीत का, पट्टी आणि कातडीमध्ये बोट जातं का, पाणी, लघवी, हे थोड्या थोड्या वेळाने बघायचं असतं हे पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी पण सांगेल. आम्ही एकदाही बघितलं नाही. सहाला हँडओव्हरच्या आधी मॅडम म्हणाल्या नोट लिही, आणि मी लिहिलं, 'पेशंट स्लेप्ट वेल'. रिस्ट्रेंटच्या, म्हणजे पेशंटला बांधल्याच्या नोंदींच्या, रजिस्टरमध्ये काहीच नाही. ती नोट माझ्या अक्षरात आहे आणि खाली सही माझी आहे.

दुपारी तिचा भाऊ भेटायला आला, त्याला सांगितलं झोपेत हात रेलिंगमध्ये अडकला होता. तो बिचारा थँक्यू म्हणून गेला.

आमच्याकडं आधी एक सोशल वर्कर ताई होत्या, आता दुसरीकडं काम करतात. चार दिवसांनी मी त्यांना फोन केला आणि रडले. त्यांनी फार काही समजूत घातली नाही, मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017 चं कलम 97 पाठवलं आणि म्हणाल्या हे वाच आणि प्रत्येक ओळीपुढं त्या रात्री काय झालं ते लिही. हा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे, आमच्या ऑफिसात त्याचा बोर्ड पण लावलाय, मी तो कधी वाचलाच नव्हता. बांधायचं फक्त तेव्हाच जेव्हा लगेच इजा होण्याचा धोका आहे आणि दुसरा मार्गच नाही. धोका नव्हता. इन्चार्ज सायकियाट्रिस्टची परवानगी पाहिजे. नव्हती. का बांधलं, कसं, किती वेळ, ताबडतोब नोंद पाहिजे. नव्हती. पेशंटच्या प्रतिनिधीला 24 तासांत कळवायचं. खोटं कळवलं. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बांधायचं नाही, आणि पुढं स्पष्ट लिहिलंय की निव्वळ स्टाफ कमी आहे म्हणून पण बांधायचं नाही. ही ओळ मी चार-पाच वेळा वाचली, कारण इतके दिवस मी स्वतःला हेच सांगत होते की आम्ही दोघीच होतो, काय करणार.

आधी रीतसर हॉस्पिटलच्या सरांनाच लेखी दिलं, कायद्यात पहिली पायरी तीच आहे. सर म्हणाले मी बोलतो तिच्याशी. तीन आठवडे झाले, काही नाही, फक्त माझी ड्युटी फिमेल वॉर्डातून काढून ओपीडीला टाकली.

आणि ओपीडीतच ती फॉलोअपला आली. साडी नीट नेसलेली, बोलणं शांत, भाऊ बरोबर. भाऊ औषधं आणायला गेला तेव्हा मी तिला म्हटलं, त्या रात्रीबद्दल मला तक्रार करायची आहे, तुमची हरकत नसेल तरच करीन. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली वाचून दाखवा काय लिहिलंय. माझा कच्चा कागद पर्समध्येच होता. 'पेशंटने एकदा लघवीसाठी सोडण्याची विनंती केली' इथपर्यंत आले तर तिने हात वर केला.

"एकदा नाही सिस्टर. तीनदा. तिसऱ्यांदा तुम्ही वळून बघितलं होतं."

मला आठवत नव्हतं. अजून पण नीट आठवत नाही. इतकी इंजेक्शनं, इतकं औषध अंगात असताना तिला आठवतंय आणि मला नाही. मी तिथंच पेनने 'एकदा' खोडून 'तीनदा' केलं. ती म्हणाली लिहा, सगळं लिहा, पण गावात कळायला नको. मग मी भावाला बाहेर बोलावून रेलिंगचं खरं काय ते सांगितलं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, तो नुसता बहिणीच्या हाताकडं बघत राहिला.

घरी म्हणाले निनावी पाठव. पण निनावी पत्रात मी बघितलं असं कोण म्हणणार? सोशल वर्कर ताईंनी दोन गोष्टी वेगळ्या करून दिल्या, त्या इथं सांगते कारण आमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नसतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल नर्सचं रजिस्ट्रेशन बघते, चौकशी करून रजिस्टरमधून नाव काढू शकते. हॉस्पिटलमध्ये स्टाफ का नाही, रजिस्टर कोरं का, हे कौन्सिलच्या हातातलं नाही. त्यासाठी याच कायद्याखालचं मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्ड, आणि तिथं अर्ज पेशंट स्वतः करू शकते, तिचा प्रतिनिधी करू शकतो किंवा तिच्या संमतीने रजिस्टर्ड संस्थेचा माणूस, फी काही नाही. मी स्टाफ, मी त्यात बसत नाही. म्हणून बोर्डाचा अर्ज भावाने केला आणि कौन्सिलचा मी.

माझ्या पहिल्या मसुद्यात 'निर्दयपणे', 'अमानुष' असले शब्द होते, ताईंनी सगळे काढायला लावले. निर्दयपणे म्हणजे किती इंची बँडेज, किती वाजता, कोणी बांधलं, कोणी सोडलं, ते लिही म्हणाल्या. तसं केलं तर पाच पानांची दोन पानं झाली आणि त्या दोन पानांत माझं नावच सगळीकडं यायला लागलं, पाय कोणी धरले, नोट कोणी लिहिली. तेव्हा कळलं की पहिलं वाक्य का जमत नाहीये. अकराव्या रात्री लिहिलं. 'मी त्या रात्री ड्युटीवर होते, पेशंटला बांधताना मी पाय धरले, सकाळी खोटी नोंद मी केली.' त्याखाली माझा रजिस्ट्रेशन नंबर आणि मग मॅडमचं नाव.

रात्रीच्या एसटीने मुंबईला गेले, पोस्टाने पाठवता आलं असतं पण मला पोच हातात पाहिजे होती. कौन्सिलच्या बारनिशीत, म्हणजे टपाल घेतात तिथं, क्लार्कने पान उलटलं, पहिलं वाक्य वाचलं, माझ्याकडं बघितलं. "मॅडम, हे तुमच्याच विरुद्ध आहे." मी म्हटलं हो, आणि त्यांच्या पण. त्यांनी शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, माझ्या झेरॉक्सवर सही दिली. दहा मिनिटांचं काम.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवरूनच इन्चार्ज मॅडमना फोन लावला, त्यांना हे एखाद्या नोटिशीतून कळू नये असं मला फार वाटत होतं. त्या माझ्या वैरी नाहीत, मला अजून पण त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. तरी तक्रार मागं घ्यावी असं एकदाही वाटलं नाही. सगळं सांगितलं, माझ्याबद्दल काय लिहिलं ते पण. पलीकडून वॉर्डातला आवाज येत होता, कोणीतरी जेवणाची ताटं लावत होतं.

"स्टाफ किती होता ते लिहिलंस का?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं मॅडम. चौदा पेशंट, दोन सिस्टर, एक मावशी. आणि तुमची सलग दुसरी ड्युटी होती ते पण."

"आणि ती किती वेळा म्हणाली ते?"

"तीनदा."

त्यांनी फोन ठेवला.