अकरावी नमो मारिया

सोनचाफा पहाटे तोडला की दुपारपर्यंत त्याच्या कडा तपकिरी पडायला लागतात. हे माझ्या भावाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तरी जपमाळेच्या मातेच्या, म्हणजे मारियेच्या, सणाला वसईतल्या नंदाखालच्या वाडीतली फुलं बडोद्याला आलीच पाहिजेत, हा आम्हा दोघांचा हट्ट. केळीच्या पानात गुंडाळायची, वर ओलं फडकं, मग थर्माकोलचं खोकं, आणि वसई रोडहून गाडीत बसणारा कुणीतरी गाठायचा. २०२४ च्या ऑक्टोबरात भावाचा मेहुणा सापडला. त्याने खोकं डोक्यावरच्या रॅकवर ठेवलं, अगदी पंख्याशेजारी. घरी उघडलं तर निम्मी फुलं काळवंडलेली. उरलेल्यांचा हार काही होईना. शेवटी झेंडूच्या हारात मधे मधे खोवली. लांबून दिसत नव्हती, पण वास होता.

मी वसईची. माहेरी कादोडी ही आमची बोली बोलायची, चर्चमध्ये पुस्तकी मराठीत प्रार्थना करायची, अशी दोन जिभांची. लग्न होऊन १९९६ ला इथे आले, कारण नवरा रेल्वेत. शेजारच्या काकू मूळच्या दांडिया बाजारातल्या, घरात पिढ्यानपिढ्या गायकवाडी मराठी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "ख्रिश्चन ना तुम्ही? मग मराठी इतकं छान कसं येतं?" मी म्हटलं, "काकू, माझी आजी लाल लुगडं नेसून मिस्सेला जायची." काकूंना ते पटायला वेळ लागला. काकांनी मात्र थेट चिमाजी आप्पांना हात घातला. १७३९ ला वसई कशी घेतली, तिथल्या घंटा कुठे कुठे नेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात अजून कशी एक आहे, सगळं सांगितलं. माझ्याकडे बघत होते, मी चिडते का म्हणून. मी विचारलं, "वाजते ना अजून? मग झालं." तेव्हापासून काका माझ्या बाजूचे.

बडोद्याचं कॅथेड्रलच मुळी जपमाळेच्या मातेच्या नावाचं आहे. १९६६ पर्यंत हा सगळा भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतात होता, म्हणजे कागदोपत्री माहेर-सासर एकच. माणसं मात्र वेगळी. आमच्याकडे नंदाखालला अख्खं गाव एका रक्ताचं. इथे एका बाकावर चरोतरमधलं गुजराती कुटुंब, मागे केरळच्या नर्सबाई, पलीकडे तमिळ, गोव्याचे एक निवृत्त साहेब आणि छोटा उदेपूरकडचे राठवा. चरोतरच्या बायकांनी मला पहिल्यांदा खंभोळजला नेलं, निराधारोनी माताच्या दर्शनाला. नाव ऐकूनच मला आपल्या मोत माउलीची आठवण झाली. नवसाच्या मेणबत्त्या, गर्दीत हरवलेली पोरं, चपलांचा ढीग. वांद्र्याच्या डोंगरावर असतं तसंच.

सणाची तारीख ७ ऑक्टोबर, आणि तिचं मूळ एका लढाईत आहे. १५७१ साली त्या दिवशी लेपांतोला समुद्रात तुर्कांचं आरमार हरलं आणि पोप पाचवे पायस यांनी विजयाचं श्रेय जपमाळेला दिलं. मला हे शाळेपासून जरा खटकतं. मणी ओढणारी माझी आजी आणि बुडणारी जहाजं यांचा मेळ काही बसत नाही. असो.

बडोद्यात या तारखेची खरी लढाई अनेकदा नवरात्राशी असते. २०२४ ला सात तारीख सोमवारी आली, गरब्याच्या ऐन धामधुमीत. पोलिसांची परवानगी घ्यायची, रस्त्याची एकच बाजू वापरायची, साडेआठच्या आत मूर्ती परत आत. फादरांनी रविवारी तीनदा बजावलं, "साडेआठ म्हणजे साडेआठ." मिरवणूक निघाली तेव्हा कोपऱ्यावर चणियाचोळी घातलेल्या चार मुली स्कूटरवर ताटकळल्या होत्या. त्यातल्या एकीने मूर्तीकडे बघून विचारलं, "कया माताजी छे?" आमच्यातल्या एका बाईने सांगितलं, "मरियम माता." मुलीने हात जोडले आणि आरशात लिपस्टिक नीट केली. एका मिनिटात दोन्ही कामं.

आमच्याकडे मिरवणुकीत जपमाळेची पाच रहस्यं पाच भाषांत म्हणतात. रहस्य म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग; प्रत्येकाला 'नमो मारिया' ही प्रार्थना दहादा, दर वेळी एक मणी, आणि दहा झाल्या की मोठा मणी. सोमवार म्हणजे आनंदाची रहस्यं. पहिलं गुजरातीत, तिसरं मल्याळममध्ये, पुढे हिंदी आणि इंग्रजी. दुसरं रहस्य, मारिया एलिझाबेथला भेटायला डोंगराळ भागात जाते ते, अनेक वर्षं गोव्याच्या साहेबांचं. ते कोकणीत म्हणायचे. त्यांचा घसा बसला, म्हणून फादर आदल्या दिवशी मला म्हणाले, "तुम्ही मराठीत म्हणाल?" अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. मी हो म्हटलं आणि रात्री स्वयंपाकघरात ओटा पुसता पुसता सराव केला. पाठ होतं सगळं. आजीने झोपेत वळण लावल्यासारखं बसवलेलं.

पण चालताना म्हणणं वेगळं. एका हातात बॅटरीवरचा माइक, दुसऱ्या हातात कागदी कपातली मेणबत्ती. जपमाळ मनगटाला गुंडाळलेली, मणी सरकवायला बोटं मोकळी नाहीत. म्हणून पाऊल टाकताना पायाची बोटं दाबून मोजायचं ठरवलं. डाव्या पायाची पाच, उजव्या पायाची पाच. सहाव्या नमो मारियाला खड्डा आला.

अर्धी प्रार्थना मी म्हणायची, उरलेली लोकांनी. पहिल्या दोन-तीनदा उत्तर आलं ते गुजराती-हिंदीच्या खिचडीत, ज्याला जे येतं ते. मला तेच अपेक्षित होतं. चौथ्या वेळी मागून, शेवटच्या रांगांतून, एक पातळ आवाज स्पष्ट मराठीत आला, "हे पवित्र मारिये, देवाच्या माते..." माझ्या पुढच्या ओळीचा सूरच चुकला. मागे वळता येत नव्हतं, मूर्ती पुढे आणि मी तिच्या मागे. मी नुसतं ऐकत राहिले आणि म्हणत राहिले. शेजारी चालणाऱ्या चरोतरच्या काकांनी माझ्यासमोर आपली माळ धरून मोठा मणी दाखवला. दहा कधीच झाल्या होत्या, अकरावीही. ते हळूच म्हणाले, "एक व्याजनी."

मिरवणूक साडेआठला पाच मिनिटं कमी असताना आत आली. मी मैदानात तो आवाज शोधत फिरले. विशीतली मुलगी, नर्सिंगला शिकणारी, श्रीरामपूरकडची, बडोद्यात येऊन दोनच महिने झालेले. तिने विचारलं, "काकू, तुम्ही मतमाउलीच्या यात्रेला येता का, हरेगावला?" मी म्हटलं, "नाही गं, आमची मोत माउली, वांद्र्याची." ती म्हणाली, "मोत?" मी म्हटलं, "मत?" आणि दोघी हसलो. मग तिला सुकेळी दिली. तिने आधी हातात धरून उलटसुलट बघितली, केळीच्या वाळक्या पानात काय गुंडाळलंय ते कळेना. खाल्ल्यावर म्हणाली, "अय्या, केळंच की!" यात्रेच्या वेळी सप्टेंबरात तिला सुट्टी मिळाली नव्हती, ते सांगताना तिचा चेहरा उतरला. रात्री मेसमध्ये जेवण मिळेल का याचीही तिला काळजी होती, म्हणून उरलेल्या चार सुकेळ्या मी तिच्या पर्समध्ये कोंबल्या.

मूर्ती आत नेताना हारातलं एक चाफ्याचं फूल खाली पडलं. तिने उचललं, हुंगलं आणि विचारलं, "घेऊ?"

तोवर पलीकडच्या सोसायटीत ढोल सुरू झाला होता. रिक्षात बसले तोच भावाचा फोन.

"फुलं पोचली?"

"निम्मी."

"मेहुण्याने पंख्याजवळ ठेवली असणार."

"पंख्याजवळच."

"पुढच्या वर्षी मीच घेऊन येतो," तो म्हणाला. हे तो दरवर्षी म्हणतो.