छापील की ई-पुस्तक? आधी मूळ फाइल बघा

छापील पुस्तक टिकेल की ई-पुस्तक त्याची जागा घेईल, हा वाद नेहमी वाचकाच्या हातातल्या वस्तूभोवती फिरतो. कागदाचा वास, डोळ्यांवरचा ताण, कपाटातली जागा. प्रकाशकासमोरचा प्रश्न मात्र वेगळा असतो: पुस्तकाची संहिता आपण कोणत्या रूपात जपली आहे? ती युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकी क्रमांक देणाऱ्या पद्धतीत), शीर्षकं-उपशीर्षकं-टिपा नीट ओळखता येतील अशी रचलेली असेल, तर तिच्यातून ऑफसेट (प्लेटवरून छापलेली) आवृत्ती, मागणीनुसार छपाई, ई-पुस्तक, दृष्टिहीन वाचकांसाठीची आवृत्ती, सगळं काढता येतं. ती फक्त छपाईच्या पानांत अडकलेली असेल, तर पुढची प्रत्येक आवृत्ती म्हणजे जवळजवळ नव्याने टाइप करणं. प्रकाशनाचं भवितव्य माझ्या मते इथे ठरतं.

छपाईचा हिशेब आधी पाहू, कारण बरेच गैरसमज तिथेच आहेत. ऑफसेटमध्ये मोठा खर्च पहिली प्रत हाती येण्याआधीच होऊन जातो. प्लेट बनवायच्या, मशीनवर चढवायच्या, शाई-पाण्याचा तोल साधायचा, रंग एकावर एक बसवायचे. या जुळणीत बरेच ताव वाया जातात. एकदा मशीन लागलं की पुढच्या तावाला जवळपास कागद आणि शाईच लागते. म्हणून ३०० प्रतींऐवजी १,००० छापल्या की एका प्रतीचा खर्च झपाट्याने उतरतो आणि जास्त छापायचा मोह होतो. पण एकूण खर्चाला छापलेल्या प्रतींनी भागून उपयोग नाही. पुढच्या दोन वर्षांत खरोखर विकल्या जातील अशा प्रतींनी भागावं. गोदामातल्या प्रतींचा खर्च विकल्या गेलेल्या प्रतींवरच पडतो.

पानांची संख्याही आधीच ठरवावी लागते. मजकूर साधारणपणे १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच तावावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गटांत, छापला जातो. पुस्तक २५० पानांचं झालं तर १५ फर्म्यांत २४० पानं बसतात आणि १० उरतात. मग एक तर मजकूर आवरून २४८ पानांवर, म्हणजे साडेपंधरा फर्म्यांवर आणायचा, नाहीतर २५६ पानं धरून शेवटच्या जागेत सूची किंवा परिशिष्ट द्यायचं. हा निर्णय शेवटच्या प्रुफानंतर घेतला तर अनुक्रमणिका आणि सूची पुन्हा करावी लागते.

डिजिटल छपाईत प्लेट नसते. दहावी प्रत आणि पाचशेवी प्रत यांचा खर्च जवळपास सारखाच. काहीशे प्रतींच्या पुढे ऑफसेट स्वस्त पडू लागतं, पण वर्षाला वीस-पंचवीस खपणाऱ्या जुन्या पुस्तकासाठी डिजिटल छपाई हाच शहाणपणाचा मार्ग. असं पुस्तक पूर्वी ‘आवृत्ती संपली’ म्हणून नाहीसं व्हायचं, आता ते मागणी आली की छापता येतं. छापील पुस्तकाला सर्वांत मोठा आधार मिळाला आहे तो या तंत्राचा, आणि तो संगणकातूनच आला आहे.

मात्र थोड्या प्रतींच्या छपाईत बांधणी हमखास फसते. पहिलं कारण कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा. ती कण्याला समांतर हवी. आडवी असेल तर पुस्तक उघडून ठेवलं तरी पानं ताठ उभी राहतात, दमट हवेत कण्याजवळ लाटा येतात आणि गोंदावर ताण पडतो. ओळखायची सोपी रीत: ताव न चुरगाळता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवावा, जिकडे तो सहज वळतो, त्या वळणाची रेघ ग्रेनला समांतर असते. दुसरं कारण गोंद. नेहमीच्या परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे पानं कण्याला गोंदाने चिकटवण्याच्या बांधणीत, ईव्हीए हा गरम गोंद सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअसला लावतात. तो लगेच थिजतो, काम भराभर होतं, पण थंडीत ठिसूळ होतो आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर नीट धरत नाही. पीयूआर गोंद कमी तापमानाला लागतो, हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होतो, त्याचा थर पातळ असतो आणि पुस्तक सपाट उघडतं. पण तो पक्का व्हायला जवळपास एक दिवस लागतो. त्याआधी ओढून पाहिलं तर पान निघतं आणि दोष उगाच गोंदावर जातो. शिवाय परफेक्ट बाइंडिंगमध्ये कण्याकडची कड खरवडताना दोन-तीन मिलिमीटर कागद जातो. आतला समास त्या हिशेबाने सोडला नसेल तर ओळींची टोकं घडीत शिरतात. वर्षानुवर्षं हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकाला, शब्दकोशाला, संदर्भग्रंथाला फर्म्यांची शिलाईच हवी. तिथे काटकसर करू नये.

कण्याची जाडीही मोजूनच काढावी. पानं भागिले दोन, गुणिले एका कागदाची जाडी. २५६ पानं म्हणजे १२८ कागद, कागद ०.१ मिलिमीटर जाड असेल तर १२.८, अधिक कव्हरचे दोन थर. वजन तेवढंच असलं तरी फुगीर कागद जास्त जाड असतो, त्यामुळे केवळ जीएसएमवरून (एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनावरून) अंदाज केला की कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर सरकतं.

आता ई-पुस्तक. पीडीएफ म्हणजे ई-पुस्तक नव्हे. ती छापील पानाची अचल प्रतिमा असते आणि मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी सरकवत वाचावी लागते. ई-पुस्तकाचा खुला प्रमाण नमुना ईपब, आणि त्याची आजची मांडणी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०२३ मध्ये प्रमाणित केलेल्या ईपब ३.३ वर उभी आहे. ईपब म्हणजे आतून एक झिप फाइल: प्रकरणांच्या एक्सएचटीएमएल (वेबपानांच्या भाषेतल्या) फायली, सजावटीची सीएसएस, चित्रं, अनुक्रमणिका आणि सगळ्याचा क्रम सांगणारी एक यादी. ‘माइमटाइप’ नावाची छोटी फाइल त्यात सर्वांत पहिली आणि आकार संकुचित न केलेली असावी लागते. नेहमीच्या साधनाने फोल्डर झिप केलं की हा नियम मोडतो, आणि सारं बरोबर दिसत असतानाही विक्रेता पुस्तक नाकारू शकतो. ईपबचेक हे मोफत साधन ही चूक पकडतं. त्यात एकही त्रुटी उरू देऊ नये.

जुन्या छपाई-फाइलीतून ईपब काढताना खरी मेहनत सुरू होते. ओळ तोडायला हाताने घातलेली संयोगचिन्हं शब्दांच्या मध्ये राहून जातात. ‘पृष्ठ ४७ पाहा’ याला अर्थ उरत नाही, तिथे दुवा द्यावा लागतो. छपाईसाठीची सीएमवायके (चार शायांच्या रंगपद्धतीतली) चित्रं आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत, बदलली नाहीत तर काही वाचनयंत्रांवर रंग विद्रूप होतात. कवितेची लांब ओळ छोट्या पडद्यावर दुमडली तर दुमडलेला भाग आत सरकलेला दिसला पाहिजे, नाहीतर वाचकाला ती नवी ओळ वाटते.

देवनागरीत याहून अवघड काम असतं. युनिकोडपूर्व फॉन्टांत अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम याच्या उलट. रूपांतर करणारं साधन साध्या अक्षराला हे जमवतं आणि जोडाक्षराला चुकतं. ‘स्थिती’चं ‘सि्थती’ होतं ते यामुळे. अशा चुका डोळ्यांनी शोधत बसू नये. काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार यांच्या लगेच पुढे हलन्त चिन्ह आलं असेल तर ते चूकच. शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी किंवा मात्रा असेल तर तेही चूकच. हे दोन शोध संपूर्ण फाइलवर चालवले की बरीचशी घाण वर येते.

मग ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. काही फायलींत हा अर्धा र अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने लिहिलेला असतो. मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हं सरसकट उडवली की डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होऊन बसतात, आणि शब्द बरोबर असल्याने शुद्धलेखन तपासणारं साधनही गप्प राहतं. ‘ॲ’चंही तसंच. तो एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येतो आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही. दोन्ही रूपं मिसळली तर वाचकाला शोधलेला शब्द सापडत नाही. सबंध पुस्तकात एकच रूप ठेवावं.

फाइलीत भाषा मराठी आहे अशी नोंद करायला विसरू नये. काही फॉन्ट त्या नोंदीवरून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं निवडतात आणि मजकूर मोठ्याने वाचणारी साधनं योग्य आवाज निवडतात. अक्षरांमध्ये जादा अंतर टाकू नये, शिरोरेषा तुटते. आणि ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा सैल ठेवावं, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात.

ई-पुस्तकाची एक उणीव तंत्राची नाही, हक्काची आहे. कुलूपबंद, म्हणजे विक्रेत्याने ठरवलेल्या खात्यावर किंवा यंत्रावरच उघडणारं, ई-पुस्तक विकत घेतलं तरी मिळतो तो परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने एका लेखकाच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रामधून परस्पर काढून घेतल्या होत्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं; पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. म्हणून प्रकाशकाने शक्य तिथे कुलूप न लावलेला ईपब विकावा असं मला ठामपणे वाटतं. वाचकाचा आपल्या संग्रहावरचा विश्वास ही चोरीच्या भीतीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

त्याचबरोबर कागद आपोआप टिकतो असंही नाही. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद काही दशकांत पिवळा पडून मोडतो. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात आम्ल शोषून घेणारा, किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा कागदात असणं अपेक्षित आहे. ग्रंथालयांत जाणाऱ्या आवृत्तीसाठी कागद घेताना हे विचारून घ्यावं.

पुढच्या काळात दोन गोष्टींचं वजन वाढणार आहे. एक, सुलभता: युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकांनाही सुलभतेचा कायदा लागू झाला. चित्रांना वर्णन, शीर्षकांना खरी पातळी, वाचनाचा नीट क्रम; हे सगळं मूळ संहितेत असेल तरच जमतं. दुसरी, करार. मागणीनुसार छपाईमुळे पुस्तक कधी ‘अनुपलब्ध’ होतच नाही, आणि ‘आवृत्ती संपल्यास हक्क लेखकाकडे परत’ हे जुनं कलम निकामी ठरतं. त्याऐवजी वर्षाला ठरावीक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली तर हक्क परत, असं आकड्यात लिहावं. ई-पुस्तकाचे हक्क आणि त्यांची मुदत वेगळी नोंदवावी. छापील आणि ईपब आवृत्तीला आयएसबीएनही (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) वेगवेगळा घ्यावा.

आणि प्रत्येक पुस्तकामागे एक फोल्डर असावं: युनिकोडमधली अंतिम संहिता, मूळ आकारातली चित्रं, फॉन्ट आणि त्यांचे परवाने, छपाईची पीडीएफ, ईपब, करार. छापताना ऐनवेळी प्रुफावर केलेली दुरुस्ती त्याच दिवशी मूळ संहितेत उतरवावी. ते राहिलं की ई-पुस्तकात जुनी चूक परत येते आणि दोन आवृत्त्यांतला कोणता पाठ खरा हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.