मंगळ जमिनीखाली

नागपुरात बर्डीवर जिन्याखालच्या एका गाळ्यात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. डिस्प्ले गेला, चार्जिंग घेत नाही, पाण्यात पडला, गिऱ्हाइकाच्या तक्रारी याच्यापलीकडे फारशा जात नाहीत. 2025 च्या जानेवारीत, संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील, संध्याकाळी सातच्या सुमारास एक रिटायर्ड सर आले. काउंटरवर फोन ठेवत म्हणाले, "याला दिशा कळत नाही. मंगळ जमिनीखाली दाखवतो."

मी म्हटलं, "तो कुठं पाहिजे जी सर?"

"पूर्वेला, वर आलेला. परवाच तो सूर्याच्या बरोबर समोर होता. म्हणजे इकडे सूर्य मावळला की तिकडे तो उगवला."

आकाश दाखवणारं अ‍ॅप होतं. उघडलं तर आत निळं आकाश आणि दक्षिणेला चक्क सूर्य! बाहेर बर्डीचे सगळे लाईट लागलेले. मी आधी तारीख-वेळ पाहिली, ती बरोबर होती. मग परमिशन पाहिल्या. लोकेशन बंद. जागा कळेना म्हणून अ‍ॅपनं आपल्या मनानं युरोपातलं एक शहर धरलं होतं आणि तिथली दुपार दाखवत बसलं होतं. सर जरा ओशाळले. "नातू म्हणाला, कोणालाच परमिशन देऊ नका." नातवाचं काही चुकलं नव्हतं, मीही दिवसातून दहा जणांना हेच सांगतो. लोकेशन चालू केलं, सूर्य गेला, मंगळ जमिनीतून वर आला.

पण काम संपलं नव्हतं. माझ्या दुकानाचं तोंड पूर्वेला आहे. फोन दारासमोर धरला तर अ‍ॅप म्हणे ही दक्षिण. जरा हलवला की भलतीकडेच. फोन कोणत्या दिशेला धरलाय हे आतल्या चुंबकीय सेन्सरवरून कळतं. सेन्सर टेस्ट लावली. पृथ्वीचं चुंबकत्व आपल्याकडे पन्नास मायक्रोटेस्लाच्या आतच असतं, इथे आकडा चारशेच्या वर नाचत होता. सेन्सर गेला असेल तर बोर्डाचं काम, म्हणजे सरांच्या खिशाला भोक. तेवढ्यात त्यांनी सवयीनं फोनचं पाकीट मिटलं आणि ‘टक्’ वाजलं.

त्या फ्लिप कव्हरच्या झाकणात चुंबक होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा असेल. कव्हर काढलं, आकडा झरकन खाली आला. मग फोन हातात धरून हवेत दोन-तीनदा इंग्रजी आठ काढला, म्हणजे सेन्सर पुन्हा ताळ्यावर येतो. शेजारचा चहावाला म्हणाला, "नजर उतरवून राहिला काय बे?"

आता गंमत सांगतो. इतकी वर्षं या धंद्यात असून माझा समज होता, की कॅमेरा तारे ओळखतो. तसं बोलून गेलो. सर म्हणाले, "कॅमेऱ्यावर बोट ठेव." ठेवलं. गुरू जिथल्या तिथे! जागा जीपीएसवरून, वेळ घड्याळावरून, रोख आणि तिरपेपणा सेन्सरवरून. बाकी ग्रह कोणत्या क्षणी कुठे असेल, ते अ‍ॅप गणितानं काढतं. आकाशाकडे ते बघतच नाही.

टेस्टिंग केल्याशिवाय सेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा माझा नियम. पोऱ्याला काउंटरवर बसवलं आणि दोघं इमारतीच्या गच्चीवर गेलो. डिशच्या वायरीत एक फाटकी पतंग अडकून फडफडत होती. लोखंडी टाकीपासून मुद्दाम लांब उभे राहिलो. फोन पश्चिमेला धरला: शुक्र. फोन बाजूला केला: तिथेच, विमानाच्या दिव्यासारखा शुक्र. त्याच्या डाव्या हाताला, जरा खाली, मंद पिवळट शनी. जवळपास डोक्यावर गुरू, पूर्वेला तांबूस मंगळ. बर्डीच्या एवढ्या उजेडातही चारही साध्या डोळ्यांनी दिसले. हे रोज आपल्या डोक्यावर असतं आणि मी तेव्हा टेम्पर्ड ग्लास चिकटवत असतो. सर म्हणाले, "गुरूचा हा उजेड तिथून छत्तीस मिनिटांपूर्वी निघालाय." म्हणजे मी त्यांच्या परमिशन तपासत होतो, तेव्हा.

मी स्क्रीनवर शनी मोठा केला आणि माझं डोकं फिरलं. कडी कुठे? गोळ्याला आडवी नुसती सुईसारखी रेघ. माझ्या तोंडून निघालं, "सर, अ‍ॅपमध्ये फॉल्ट आहे."

सर हसले. कडी झुकलेली आहेत, शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत फिरतो, त्यामुळे दर चौदा-पंधरा वर्षांनी ती आपल्याला कडेनं दिसतात, ताट डोळ्यांच्या रेषेत आडवं धरल्यासारखी. 23 मार्चला तर पृथ्वी त्यांच्या पातळीतूनच जाणार. "1612 मध्ये गॅलिलिओची अशीच पंचाईत झाली होती. दोन वर्षांपूर्वी शनीच्या दोन बाजूंना दिसलेलं काहीतरी एकाएकी गायब." गॅलिलिओनं दुर्बीण रिपेअरला टाकली नाही, हे नशीब!

खाली येऊन बिनचुंबकाचं साधं कव्हर लावून दिलं. एकशेवीस सांगितले, सरांनी शंभर दिले. ग्रहांचा तास फुकट घेतल्यावर वीस रुपयांसाठी तोंड उघडवेना.

तेच अ‍ॅप मी माझ्याही फोनमध्ये टाकलं. 23 मार्चला रविवार होता. शनी तेव्हा सूर्याच्या इतका जवळ, की खरा दिसायची सोयच नव्हती. भर दुपारी दुकानात फोन छताकडे धरून शनी मोठा केला. रेघही जवळजवळ नाहीशी. तसाच वर बघत उभा होतो, तर दारातून एक बाई म्हणाल्या, "काय झालं भाऊ, नेटवर्क नाही काय?"