‘पुट ऑफ’ नेमकं कुठे वापरायचं?

इंदूरच्या मराठी घरांत ‘ट्रिप कॅन्सल झाली’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा ती फक्त लांबलेली असते. इंग्रजीत दोन्ही वेगळं: रद्दच केली तर ‘कॉल ऑफ’, पुढे ढकलली तर ‘पुट ऑफ’. ‘वी पुट ऑफ द पाताळपाणी ट्रिप टिल संडे’ म्हणजे रविवारी डबे घेऊन निघायचंय. भूतकाळातही ‘पुट’च राहतं.

खरी गडबड पुढच्या शब्दात होते. क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लावा: ‘ही पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट’. ‘पुट ऑफ टु गो’ चूक. आपणही ‘जाणं लांबवलं’ म्हणतो, ‘जायला लांबवलं’ नाही. नाम ‘ऑफ’च्या आधी किंवा नंतर, कुठेही चालतं, ‘इट’, ‘देम’ मात्र मध्येच: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ ऐकलं की कान टवकारतात.

दुसरा अर्थ मन उडण्याचा. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गरमागरम गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट हातात आहे, पण शेजारच्या नालीचा भपकारा आला आणि खावंसंच वाटेना: ‘द स्मेल पुट मी ऑफ’. यावरूनच ‘ऑफपुटिंग’ हे विशेषण.

उधारी मागणाऱ्याला ‘उद्या या’ म्हणत टोलवणं, तेही ‘पुटिंग हिम ऑफ’.

आणि उलट, तारीख अलीकडे आणली तर? ‘प्रीपोन’ आपल्याकडे बिनधास्त चालतं, पण परदेशी ईमेलमध्ये ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिलेलं बरं.