डेअरीच्या हिशेबाची दोन टेबलं

खानापूर तालुक्यातल्या आमच्या डेअरीचा हिशेब एकाच एक्सेल शीटवर चालायचा. रोज दोन्ही वेळा तेच नाव, तेच गाव, तेच बँक खातं. आता एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये दोन टेबलं आहेत: सभासद आणि (दुधाचं) संकलन. नाव, गाव, खातं सभासदात एकदाच. संकलनात नाव नाहीच. सभासद क्रमांक, तारीख, सकाळ-संध्याकाळ, जनावर, लिटर, फॅट. पहिली चार मिळून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख; जनावरही त्यात, कारण गाईचं आणि म्हशीचं दोन्ही घालणारे आहेत. तीच नोंद दुसऱ्यांदा चढवली की डेटाबेसच अडवतो. (एडगर कॉड यांची १९७० सालची रिलेशनल मांडणी, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याची पद्धत, आमच्या म्हशींच्या कामी येते, हे भारीच!) मोबाइल नंबरला मात्र की करू नका, घरात फोन एक, सभासद तिघं. सरासरी फॅट काढताना लिटरचा भार धरा, म्हणजे प्रत्येक फॅट त्याच्या लिटरने गुणून बेरजेला एकूण लिटरने भागा, नाहीतर दोन लिटरवाला आणि वीस लिटरवाला सारखेच मोजले जातात. सेक्रेटरीकाका वही अजून सोडत नाहीत.